एकाच एसएसडीवर विंडोज आणि लिनक्स मिंट: माझा ड्युअल बूटचा अनुभव

ड्युअल बूट म्हणजे एकाच मशिनवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम ठेवायच्या आणि सुरू करताना हवी ती निवडायची. ते म्हटलं की बहुतेकांना वाटतं लिनक्स इन्स्टॉल करणं हाच अवघड भाग. मला तर आता ठामपणे सांगायचंय की तो सगळ्यात सोपा भाग आहे, पेनड्राइव्ह लावायचा, थोड्या प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि वाट बघायची. खरं लक्ष द्यावं लागतं ते या दोन सिस्टिम जिथे एकमेकींना भेटतात तिथे. एका घरात दोन बिऱ्हाडं राहिली की भांडणं आपापल्या खोल्यांवरून होत नाहीत, सामाईक नळावरून आणि दारावरून होतात, इथेही तेच आहे. सामाईक गोष्टी मोजक्याच असतात: बूट फायलींचं (सिस्टिम सुरू करणाऱ्या फायलींचं) छोटंसं पार्टिशन म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग, बायोसची (मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरची) सेटिंग्ज, मदरबोर्डवरचं घड्याळ, ब्लूटूथची चिप आणि दोन्हीकडून वापरायचा डेटा. प्रत्येकीचं काय करायचं ते आधी ठरलं की पुढे फार काही बिघडत नाही, म्हणून मी काय केलं आणि का केलं ते सविस्तर लिहितेय.

माझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे आणि आत २५६ जीबीची एसएसडी होती, त्यावर विंडोज ११. माझं रोजचं काम आर आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषांमध्ये चालतं, ते लिनक्सवर फार सुटसुटीत होतं, पण हिशोबाचं एक सॉफ्टवेअर असं आहे की ते फक्त विंडोजवरच चालतं आणि त्याला पर्याय नाही. व्हर्च्युअल मशीन (एका सिस्टिमच्या आतच दुसरी चालवणं) वापरून बघितलं होतं पण ८ जीबी रॅम दोन सिस्टिममध्ये वाटली की दोघींचाही श्वास कोंडतो. डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय, चांगलं आहे, कमांड लाइनपुरतं ज्यांचं काम आहे त्यांनी आधी तेच वापरून बघावं, ड्युअल बूटची गरजच पडणार नाही कदाचित. मला मात्र पूर्ण डेस्कटॉप आणि सगळी रॅम हवी होती.

आणि एसएसडीमुळे ड्युअल बूट खरंच वापरण्यासारखं झालंय हे आवर्जून सांगावंसं वाटतं. हार्ड डिस्कच्या काळात एका सिस्टिममधून दुसरीत जायचं म्हणजे मशीन बंद होऊन परत नीट हलायला लागेपर्यंत कित्येक मिनिटं जायची, मग माणूस कंटाळून एकीतच राहायचा आणि दुसरी नुसती जागा अडवून बसायची. आता रीस्टार्ट दाबलं की मिनिटभराच्या आत समोर दुसरा डेस्कटॉप असतो. त्यामुळे हिशोबाचं काम आलं की मी सरळ विंडोजमध्ये जाते, करते, परत येते.

२५६ जीबीत दोन सिस्टिम बसतात, नाही असं नाही, पण मग दोन्हीकडे सारखी जागेची ओढाताण. म्हणून मी १ टीबीची नवी एसएसडी घ्यायचं ठरवलं. घेण्याआधी लॅपटॉपच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दोन गोष्टी बघितल्या, एक म्हणजे एम डॉट टू स्लॉट, म्हणजे एसएसडीची पट्टी बसते ती खाच, किती लांबीची पट्टी घेतो, माझा २२८० म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब, आणि दुसरं म्हणजे तो वेगवान एनव्हीएमई प्रकारचा आहे की नुसता जुना साटा. दिसायला दोन्ही पट्ट्या जवळजवळ सारख्याच असतात पण साटावाली सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या पुढे जात नाही आणि एनव्हीएमई पीसीआयई ३ या जोडणीच्या चार लेनवर सुद्धा ३५०० एमबीच्या आसपास जाते, शिवाय साटाच्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई चालतच नाही. माझा स्लॉट पीसीआयई ३ चा, त्यामुळे ४ वाली महागडी घेऊन उपयोग नव्हता, ती चालली असती पण ३ च्याच वेगाने.

जुनी एसएसडी मी फॉरमॅट केली नाही, तशीच्या तशी काढून यूएसबी केसमध्ये ठेवली, आणि हा माझ्या मते या सगळ्या प्रकारातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय. नव्या ड्राइव्हवर काहीही होवो, जुनी परत लावली की लॅपटॉप होता तसा. फक्त एक, ती काढायच्या आधी बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की लिहून घेतली. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपण काही न करता चालू असतं आणि ड्राइव्ह दुसरीकडे जोडला की तो ४८ आकडी की मागतो. ती की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली सापडते, पण मी ती कागदावर पण उतरवली, कारण जेव्हा गरज पडते तेव्हा समोर नेमका बंद पडलेला लॅपटॉप असतो.

उघडताना आधी बॅटरीचा कनेक्टर काढला मग एसएसडीचा स्क्रू. पट्टी तिरकी आत सरकवायची आणि मग खाली दाबून स्क्रू लावायचा, एवढंच, जोर लावावा लागला तर काहीतरी चुकतंय असं समजायचं. जुन्या एसएसडीवरचा उष्णता वाहून नेणारा पॅड नव्या पट्टीवर लावला, तो विसरू नये.

मग बायोस. इथे तीन गोष्टी बघितल्या. बूट मोड नवा यूईएफआय हवा, जुना लेगसी किंवा सीएसएम नको, दोन्ही सिस्टिम एकाच मोडमध्ये इन्स्टॉल झाल्या पाहिजेत नाहीतर एकीच्या मेनूतून दुसरी सुरूच होत नाही. सिक्युअर बूट, म्हणजे फक्त साइन केलेले लोडरच सुरू होऊ देणारं संरक्षण, मी चालूच ठेवला, लिनक्ससाठी तो बंद करायला सांगणारे जुने लेख खूप आहेत पण उबुंटू हे लिनक्स आणि त्यावर आधारलेलं मिंट यांचा सुरुवातीचा छोटा लोडर, ज्याला शिम म्हणतात, तो मायक्रोसॉफ्टच्या कीने साइन केलेला असतो त्यामुळे सिक्युअर बूट चालू असतानाही व्यवस्थित चालतो. तिसरी आणि फार लोकांना अडकवणारी गोष्ट म्हणजे इंटेलचं व्हीएमडी किंवा आरएसटी. हे चालू असलं की एसएसडी थेट दिसत नाही, इंटेलच्या कंट्रोलरमागे लपते, आणि मग विंडोजचा इन्स्टॉलर ड्रायव्हर मागतो आणि लिनक्सचे काही इन्स्टॉलर तर ड्राइव्हच दाखवत नाहीत. एकच एसएसडी असलेल्या लॅपटॉपला त्याचा काही फायदा नाही, माझी डिस्क रिकामीच होती त्यामुळे मी ते सरळ बंद केलं.

ज्यांचं विंडोज आधीपासून आहे आणि तेच ठेवायचंय त्यांनी मात्र हे असं एकदम बंद करू नये, विंडोज सुरूच होणार नाही. त्यासाठी आधी बिटलॉकर थांबवायचं, मग विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगायचं, एमएसकॉन्फिग या विंडोजच्या टूलमध्ये बूट टॅबवर तो पर्याय आहे, मग रीस्टार्ट करून बायोसमध्ये बदल करायचा, विंडोज सेफ मोडमध्ये उघडलं की ते स्वतःच योग्य ड्रायव्हर लावतं, आणि मग सेफ मोडची खूण काढायची. हा क्रम पाळला की होतं.

इन्स्टॉलसाठी दोन वेगळे पेनड्राइव्ह केले. विंडोजचा रूफस या पेनड्राइव्ह बनवायच्या सॉफ्टवेअरने, जीपीटी (पार्टिशनच्या तक्त्याची नवी पद्धत) आणि यूईएफआय निवडून, आणि मिंटचाही रूफसनेच. मिंटची आयएसओ (इन्स्टॉलरची) फाइल उतरवल्यावर तिचा शा-२५६ चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा, साइटवरच्या आकड्याशी ताडून बघितला, हे लोक टाळतात पण अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे इन्स्टॉल मध्येच अडकतं आणि मग आपण संपूर्ण दिवस हार्डवेअरला दोष देत बसतो.

आता मुख्य भाग, पार्टिशन. आधी विंडोज आणि मग लिनक्स हा क्रम मी पाळला, कारण विंडोज स्वतःला बूट क्रमात पहिलं लावतं आणि नंतर आलेलं लिनक्स विंडोजला ओळखून आपल्या मेनूत जागा देतं. पण विंडोजच्या इन्स्टॉलरला पूर्ण रिकामी डिस्क दिली की तो बूट फायलींचं ईएफआय पार्टिशन फक्त १०० एमबीचं करतो. विंडोज आणि ग्रब (सिस्टिम निवडायचा लिनक्सचा बूट मेनू) एवढ्यांना १०० एमबी पुरतं सुद्धा, पण पॉप ओएससारख्या काही लिनक्स सिस्टिम आपला गाभा म्हणजे कर्नलच त्यात ठेवतात, फर्मवेअर अपडेटची फाइल पण तिथेच येते, आणि नंतर ते वाढवायचं म्हणजे त्याच्या मागे विंडोज बसलेलं असतं, सगळं सरकवावं लागतं. डिस्क रिकामी असण्याचा फायदा घ्यायचा तर तो इथेच. विंडोजच्या इन्स्टॉलच्या पहिल्या स्क्रीनवर शिफ्ट आणि एफ १० दाबलं की काळी कमांड विंडो उघडते, तिथे डिस्कपार्ट हे पार्टिशनचं टूल सुरू करून मी योग्य डिस्क निवडली, आकार बघून परत एकदा खात्री केली कारण पेनड्राइव्ह पण त्याच यादीत असतो, मग ती क्लीन करून जीपीटी केली, १ जीबीचं ईएफआय पार्टिशन केलं आणि ते फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलं, मग १६ एमबीचं एमएसआर, म्हणजे विंडोजचं राखीव पार्टिशन. बाहेर येऊन इन्स्टॉलरमध्ये रिफ्रेश केलं आणि विंडोजला ३०० जीबी दिले. बाकी सगळी जागा तशीच मोकळी ठेवली. इन्स्टॉलरने आधीच असलेलं ईएफआय पार्टिशन स्वतःहून वापरलं, नवं केलं नाही.

१ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, त्यात काही गहाळ झालेलं नसतं, कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. माझी वाटणी साधारण अशी, विंडोजला ३००, मिंटच्या रूटला (सिस्टिमच्या फायलींना) ६०, होमला (माझ्या फायलींना) २००, सामाईक डेटाला ३००, आणि ७० च्या आसपास काहीच न करता मोकळे. ही मोकळी जागा मुद्दाम ठेवलीय. एसएसडीच्या कंट्रोलरला पार्टिशन वगैरे काही माहीत नसतं, तो डेटा सगळ्या चिपवर पसरवत राहतो, आणि जी जागा कधी लिहिलीच गेली नाही ती त्याला फिरवाफिरवीला मिळते, त्याने लिहिण्याचा वेग टिकतो आणि झीज कमी होते. पुढे कुठल्या सिस्टिमला जागा कमी पडली तर त्यातूनच काढता येईल. हार्ड डिस्कवर कुठलं पार्टिशन आधी आणि कुठलं नंतर याने फरक पडायचा कारण बाहेरच्या कडेला तबकडी जास्त वेगाने वाचली जायची, एसएसडीवर त्या क्रमाला काही अर्थ नाही, तो विचार सोडून द्यावा.

विंडोजचं लायसन्स परत टाकावं लागलं नाही. लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोजची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते, तीच आवृत्ती टाकली की इंटरनेट लागल्यावर ॲक्टिव्हेशन आपोआप होतं.

विंडोज उभं राहिल्यावर लिनक्सकडे वळायच्या आधी दोन सेटिंग बदलली. एक फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शट डाउन म्हटलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, कर्नलची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथूनच उठतं. एकट्या विंडोजसाठी ठीक आहे, पण अशा अवस्थेत त्याची पार्टिशन अर्धवट उघडीच राहिलेली असतात, आणि लिनक्सने तिथे काही लिहिलं तर विंडोज उठल्यावर त्याच्या आठवणीत एक आणि डिस्कवर दुसरंच, फायली खराब व्हायचा धोका. म्हणून लिनक्स अशी पार्टिशन नुसती वाचायला देतं किंवा उघडतच नाही. गंमत म्हणजे रीस्टार्ट केलं तर विंडोज पूर्ण बंद होतं आणि शट डाउन केलं तर नाही, त्यामुळे काहींना हा त्रास कधी होतो कधी नाही असं वाटतं. मी ॲडमिनच्या कमांड विंडोतून हायबरनेशनच बंद केलं, त्याने फास्ट स्टार्टअप पण जातं आणि सी ड्राइव्हवरची हायबरफिलची मोठी फाइल पण. एसएसडीवर फास्ट स्टार्टअपशिवाय जो उशीर होतो तो मला जाणवतही नाही.

दुसरं डिव्हाइस एन्क्रिप्शन. विंडोज ११ च्या २४एच२ पासून नव्याने इन्स्टॉल केलेल्या मशिनवर हे बऱ्याचदा आपोआप चालू होतं. यावर मी बराच विचार केला. चालू ठेवलं तर आतला सामाईक डेटाचा भाग पण त्यात ओढला जाऊ शकतो आणि ग्रबच्या मेनूतून विंडोज सुरू केलं की बूटची साखळी बदललेली दिसल्यामुळे रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. मी ते बंद केलं आणि महत्त्वाची कागदपत्रं व्हेराक्रिप्टच्या कुलूपबंद फाइलमध्ये ठेवली, ती दोन्हीकडे उघडते. पण ज्यांचा लॅपटॉप रोज बसमधून, ट्रेनमधून फिरतो त्यांनी माझं बघून बंद करू नये, त्यांनी एन्क्रिप्शन चालू ठेवावं, की कागदावर ठेवावी, आणि विंडोज ग्रबमधून न उघडता लॅपटॉपच्या स्वतःच्या बूट मेनूतून उघडावं.

ज्यांना आहे त्याच विंडोजमधून जागा काढायचीय त्यांनी ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून श्रिंक करून काढावी. बऱ्याचदा अर्धा ड्राइव्ह रिकामा असून सुद्धा श्रिंकला थोडीच जागा मिळते, कारण मध्येच पेजफाइल, हायबरफिल किंवा रिस्टोर पॉइंटच्या हलवता न येणाऱ्या फायली बसलेल्या असतात. ते तात्पुरतं बंद करून, रीस्टार्ट करून परत बघायचं.

मग मिंट. पेनड्राइव्हवरून सुरू केलं की ते आधी इन्स्टॉल न होता तसंच चालतं, आणि त्या अवस्थेत मी घाई न करता सगळं तपासलं, वायफाय, आवाज, टचपॅड, ब्राइटनेसची बटणं, झाकण मिटल्यावर झोपतं का आणि उघडल्यावर उठतं का. इथे जे चालतं ते नंतर चालतंच, जे चालत नाही ते आधीच कळतं. इन्स्टॉलरमध्ये विंडोजच्या शेजारी आपोआप इन्स्टॉल करायचा पर्याय होता पण माझी वाटणी ठरलेली, म्हणून मी समथिंग एल्स निवडून हाताने पार्टिशन केली. एनव्हीएमई ड्राइव्हची नावं लिनक्समध्ये जुन्या एसडीए सारखी नसतात, एनव्हीएमई शून्य एन एक आणि पुढे पी एक, पी दोन अशी असतात, पहिल्यांदा बघताना गोंधळायला होतं, आकारावरून ओळखायचं. रूट आणि होम दोन्ही ईएक्सटी ४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये. ईएफआय पार्टिशन तेच, विंडोजवालं, फक्त वापरायचं म्हणून निवडलं आणि फॉरमॅटची खूण नाही ना हे डोळ्यात तेल घालून बघितलं. त्यात दोन्ही सिस्टिम आपापला वेगळा फोल्डर करतात, एकीमुळे दुसरीचं काही पुसलं जात नाही, पण फॉरमॅट झालं तर विंडोजच्या बूट फायली गेल्याच. स्वॅपसाठी, म्हणजे रॅम कमी पडली की डिस्कवर वापरायच्या जागेसाठी, वेगळं पार्टिशन केलं नाही, मिंट स्वतः स्वॅप फाइल करतं. स्वॅपने एसएसडी लवकर मरते हे सुरुवातीच्या एसएसडींच्या काळातलं भय आहे, आताच्या ड्राइव्हला सामान्य वापरात ते लागू नाही.

पार्टिशनची सुरुवात १ एमबीच्या हद्दीवर यावी लागते नाहीतर एसएसडीला एका लिहिण्यासाठी दोनदा काम पडतं, पण विंडोज आणि लिनक्स दोघांचेही आताचे इन्स्टॉलर ते स्वतःच सांभाळतात, हाताने काही करायला लागलं नाही.

बाहेरचे ड्रायव्हर टाकायची खूण केल्यामुळे इन्स्टॉलरने सिक्युअर बूटसाठी एक पासवर्ड मागितला. रीस्टार्टनंतर एक निळा स्क्रीन येतो, मॉक मॅनेजमेंट असं काहीतरी लिहिलेलं, आणि तो बघून लोक घाबरतात आणि रीस्टार्ट करतात किंवा तो काही सेकंदांत निघून जातो. तिथे एनरोल मॉक (आपली की मान्य करा) निवडायचं, कंटिन्यू, येस, आणि तोच पासवर्ड टाकायचा. हे झालं नाही तर ग्राफिक्स किंवा वायफायचे बाहेरचे ड्रायव्हर कर्नल नाकारतो, आणि मग आपण कारण दुसरीकडेच शोधत बसतो. पासवर्ड साधा, इंग्रजी अक्षरांचा ठेवावा, तो फक्त याच वेळी लागतो.

यानंतर ग्रबचा मेनू आला, मिंट आणि विंडोज दोन्ही दिसत होते. लॅपटॉपच्या बूट यादीत मात्र मिंटचं नाव उबुंटू असं येतं, कारण मिंट त्याचाच लोडर वापरतं, ते बघून गोंधळू नये. कुणाच्या मेनूत विंडोज दिसत नसेल तर ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस प्रोबर मुळात बंद ठेवलेला असतो, ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये तो चालू करून अपडेट ग्रब चालवायचं. मी त्याच फाइलमध्ये अजून एक बदल केला, शेवटी जी सिस्टिम निवडली तीच पुढच्या वेळी आपोआप निवडायची. याचं कारण विंडोजचे अपडेट. ते मध्येच एक-दोनदा रीस्टार्ट घेतात, आपण शेजारी नसलो की मशीन मिंटमध्ये जाऊन थांबतं आणि अपडेट अर्धाच राहतो. आता विंडोज निवडलं की ते आपलं आपण पूर्ण करतं.

घड्याळाचा घोळ लगेच दिसला. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असं धरतं, लिनक्स तिथे यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आहे असं धरतं, त्यामुळे एकीतून दुसरीत गेलं की टाइमझोनच्या फरकाइतकी वेळ चुकते. नुसतं दिसायला चूक असती तर चाललं असतं, पण वेळ चुकली की सुरक्षित साइट सर्टिफिकेटची तक्रार करतात, आणि सामाईक फायलींवर चुकीचे शिक्के पडतात मग बॅकअपचं सॉफ्टवेअर जुनी फाइल नवी समजतं. उपाय दोन आहेत, लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगणं किंवा विंडोजला यूटीसी. पहिला एका कमांडचा आहे पण ती कमांड स्वतःच इशारा देते की हे नीट पाठबळ असलेलं नाही, म्हणून मी विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या साठ्यात) टाइमझोनच्या माहितीखाली रिअलटाइमइजयुनिव्हर्सल नावाची नोंद १ केली. तेव्हापासून दोन्हीकडे एकच वेळ.

सामाईक ३०० जीबीसाठी एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टिम घेतली. एक्सफॅटचा विचार केला होता, दोन्हीकडे चालतं, पण त्यात जर्नल म्हणजे बदलांची नोंदवही नाही, अचानक वीज गेली की जास्त नुकसान. एनटीएफएससाठी लिनक्सच्या कर्नलमध्येच ५.१५ पासून ड्रायव्हर आहे. दोन पथ्यं पाळते. लिनक्स हवी ती नावं ठेवू देतं, त्यात कोलन, प्रश्नचिन्ह असलं की विंडोजला ती फाइल उघडता येत नाही, म्हणून माउंट करताना (पार्टिशन जोडताना) विंडोजला चालतील तेवढीच नावं घ्यायचा पर्याय लावलाय. आणि कोडचे प्रोजेक्ट इथे ठेवत नाही, लिनक्सच्या परवानग्या एनटीएफएसवर नीट बसत नाहीत, ते होममध्येच. इथे फक्त कागदपत्रं, फोटो, डेटाच्या फायली. देवनागरी नावं दोन्हीकडे व्यवस्थित दिसतात.

ब्लूटूथचं मला सगळ्यात शेवटी कळलं. हेडफोन विंडोजमध्ये जोडले की मिंटमध्ये तुटायचे आणि उलटही. कारण असं की हेडफोनच्या दृष्टीने लॅपटॉप एकच आहे, चिपचा पत्ता एकच, पण प्रत्येक सिस्टिम जोडताना नवी गुप्त की बनवते आणि हेडफोन शेवटचीच लक्षात ठेवतात. मग आधी मिंटमध्ये जोडले, नंतर विंडोजमध्ये, आणि विंडोजच्या रजिस्ट्रीतली की मिंटमधून वाचून मिंटच्या ब्लूटूथच्या फोल्डरमधल्या त्या उपकरणाच्या फाइलमध्ये लिहिली. सी ड्राइव्ह एन्क्रिप्ट नसल्यामुळे ते तिथून वाचता आलं. लो एनर्जीवाल्या माउसला हेच करताना एकाऐवजी बऱ्याच किल्ल्या नकलाव्या लागतात, त्यापेक्षा यूएसबी डोंगलवाला माउस बरा, त्याला हा प्रश्नच नाही.

एसएसडीसाठी वेगळं असं फार काही करावं लागत नाही. पुसलेली जागा ड्राइव्हला कळवणारं ट्रिम मिंटमध्ये आठवड्याला एकदा आपोआप चालतं, मी फक्त त्याचा टायमर चालू आहे ना एवढं बघितलं. विंडोजमध्ये ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज एसएसडी ओळखून डीफ्रॅग न करता ट्रिमच करतं, ते बंद करू नये. अधूनमधून मिंटमधून ड्राइव्हची स्मार्ट माहिती, म्हणजे त्याने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद, बघते, त्यात पर्सेंटेज यूज्ड नावाचा आकडा असतो, तो झीज सांगतो.

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर कधी ग्रब न येता थेट विंडोज उघडलं तर मिंट गेलं असं समजून परत इन्स्टॉल करायला धावू नये, बहुतेक वेळा फक्त बूट क्रम बदललेला असतो, बायोसमध्ये जाऊन उबुंटू पहिलं केलं की झालं. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने मात्र खरोखरच बऱ्याच ड्युअल बूट मशिनवर लिनक्स सुरू होणं थांबवलं होतं, जुन्या शिमला सिक्युअर बूटने नाकारलं होतं आणि एसबॅटच्या (जुने लोडर नाकारायच्या सोयीच्या) पडताळणीची त्रुटी यायची. तेव्हा सिक्युअर बूट तात्पुरता बंद करून लिनक्समध्ये जावं लागत होतं. त्यावरून मी लिनक्सचे अपडेट, विशेषतः शिम आणि ग्रबचे, रेंगाळू देत नाही, आणि मिंटचा पेनड्राइव्ह पुसत नाही.

मिंटच्या सिस्टिम फायलींसाठी टाइमशिफ्ट हे बॅकअपचं सॉफ्टवेअर लावलंय, ते होम घेत नाही, त्यामुळे होम आणि सामाईक भाग बाहेरच्या ड्राइव्हवर वेगळे जातात. पार्टिशनचा तक्ता आणि ईएफआय पार्टिशनच्या फायली पण तिथे नकलून ठेवल्यात, सगळं मिळून काही एमबीच आहे. आता राहिलंय ते फिंगरप्रिंट. माझ्या लॅपटॉपच्या सेन्सरला लिनक्समध्ये ड्रायव्हर नाही त्यामुळे विंडोजमध्ये बोट आणि मिंटमध्ये पासवर्ड असं चाललंय, कर्नलचा आणि एफप्रिंट या लिनक्सच्या फिंगरप्रिंट सॉफ्टवेअरचा नवा अपडेट आला की परत तपासते.